पेरलेले रोज उकरून बघू नका



पीकपाण्याच्या पानावर आज शाळेचा विषय दिसला म्हणून पान उलटू नका. विषय शाळेचा असला तरी तो तुमच्याच बांधावरचा आहे.

समजा, यंदा तुम्ही एखादे नवे वाण आणले. सगळे पाच एकर काही तुम्ही त्याने पेरत नाही. आधी पाच-दहा गुंठ्यांचा तुकडा निवडता. शेजारीच जुने वाण ठेवता, म्हणजे फरक डोळ्यांना दिसतो. पेरणी झाली की उगवण होईपर्यंत थांबता. बी रोज उकरून बघत नाही, कारण उकरलेले बी उगवत नाही हे पोरालाही कळते. पहिल्या हंगामात उतारा कमी आला तर लगेच बियाण्याला शिव्या देत नाही. पाण्याची पाळी चुकली का, खत उशिरा पडले का, पावसाने दगा दिला का, हे आधी तपासता. येणारा-जाणारा बांधावरून हसतो, "काय पाटील, हे काय नवीन खूळ?" तेही सोसता. गावात पहिल्यांदा ठिबकाच्या नळ्या ज्याने अंथरल्या, त्याला लोक काय काय म्हणाले ते आठवून बघा. आज त्याच गावात नळ्यांशिवाय बाग नाही.

आता सांगा, हाच न्याय आपण शाळेतल्या मास्तरला लावतो का?

नवे काही करू पाहणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला काय येते ते बघा. मुले गोल करून बसवली, की "शिस्त राहिली नाही". मुले आपसात बोलून गणित सोडवू लागली, की "वर्गात बाजार भरलाय". वर्ग झाडाखाली नेला, की "पोरांना फिरवत बसतात". पहिल्या चाचणीत चार मार्क कमी पडले, की "बंद करा ते प्रयोग, आधी पोर्शन संपवा". म्हणजे सोमवारी पेरले आणि बुधवारी उकरून बघितले, अशी गत.

सांगायचा मुद्दा हा, की वर्गातली नवी कल्पना शिक्षकाच्या आळसामुळे क्वचितच मरते. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तिच्यामागे कोणी उभे राहत नाही, म्हणून ती मरते. उभे राहण्याची पहिली जबाबदारी मुख्याध्यापकाची, त्यानंतर केंद्रप्रमुख आणि विस्तार अधिकाऱ्याची, आणि शेवटी तुमची-आमची, म्हणजे गावाची.

माझ्या हातून घडलेली चूक

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपले सांगावे. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. गोष्ट २००३-०४ ची. आमच्या शाळेत एक तरुण बाई शिक्षणसेवक म्हणून आल्या. तुटपुंजे मानधन, तीन वर्षे सांभाळून काढायची, मग नोकरी नियमित व्हायची, असा तो काळ. त्यांच्याकडे चौथीचा वर्ग दिला. निम्म्या मुलांना हातच्याची वजाबाकी येत नव्हती. बाईंनी महिनाभर फळ्यावर करून दाखवली, वहीत करून घेतली. फरक पडेना.

मग त्यांनी एक युक्ती काढली. गाव कांद्याचे. घरोघरी बाजार समितीच्या पट्ट्या खिळ्याला अडकवलेल्या. बाईंनी मुलांना त्या आणायला सांगितल्या. चार-चार मुलांचे गट केले. गोण्या किती, वजन किती, भाव काय, हमाली किती कापली, तोलाई किती, अडत किती, हातात किती पडले, हे सगळे पोरांनी पट्टीवरून परत करून बघायचे. उत्तर पट्टीशी जुळले तर ठीक, नाही जुळले तर भांडायचे. आणि पोरे खरोखर भांडत. आवाज माझ्या ऑफिसपर्यंत येई.

आठ-दहा दिवसांत तीन-चार पालक आले. त्यांचे म्हणणे अगदी खोटे होते असे नाही. एक जण म्हणाला, "गुरुजी, आम्ही पोरं शाळेत घालतो ती मातीतनं सुटावीत म्हणून. आणि तुमच्या बाई त्यांना पुन्हा कांद्यातच घालायला लागल्यात." मी त्यांना चहा पाजला, बघतो म्हणालो.

पुढच्याच आठवड्यात वरून शाळाभेट झाली. साहेबांनी चौथीच्या वह्या मागवल्या. गणिताच्या वहीत स्वाध्याय अपुरे. वर्गात गलका. शेरेबुकात तसा शेरा पडला. साहेबांनी माझ्याकडे बघितले. त्या वेळी मला एवढेच म्हणायचे होते, "साहेब, हा प्रयोग माझ्या परवानगीने चालू आहे. दिवाळीपर्यंत वेळ द्या, मग वर्ग तपासा." एवढे एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघाले नाही. मी म्हणालो, "बाईंना समज दिली आहे, साहेब."

समज मी दिलीच नव्हती. पण ते वाक्य बाईंनी ऐकले. दुसऱ्या दिवशी पट्ट्या मुलांबरोबर घरी परत गेल्या. वर्ग रांगेत बसला. वह्या भरू लागल्या. पुढे तपासणीत त्या वर्गाबद्दल कधी तक्रार आली नाही. तीन वर्षे पूर्ण झाली, बाई नियमित झाल्या आणि यथावकाश बदली घेऊन दुसऱ्या तालुक्यात गेल्या. मधल्या काळात त्यांनी नवे असे काही केले नाही, आणि मीही विचारले नाही.

पुढे एकदा आठवडे बाजारात एक पालक भेटला. म्हणाला, "गुरुजी, त्या चौथीच्या बाई कुठं असतात आता?" मी म्हटले, "बदलून गेल्या. का हो?" तेव्हा त्याने सांगितले, की त्या महिन्यात त्याच्या पोराने घरची पट्टी करून बघितली आणि रिकाम्या गोण्यांचे वजन दोनदा वजा झालेले धरले. बाप पट्टी घेऊन परत गेला, अडत्याने निमूट फरकाचे पैसे दिले. मी म्हटले, "अहो, मग तेव्हाच शाळेत येऊन का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "तुम्ही विचारलं कुठं?"

मंडळी, ते पोरगे हातच्याची वजाबाकी न येणाऱ्या निम्म्यांपैकीच होते. आणि मातीतून सुटण्याचे म्हणाल, तर पट्टी वाचता येणारे पोरगेच उद्या सुटते. ज्याला पट्टी वाचता येत नाही, तो शहरात गेला तरी पगाराच्या चिठ्ठीत फसतोच.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. त्या वर्गात कमी पडले ते बाईंचे कसब नव्हे. कमी पडला तो मुख्याध्यापक.

वेळ देणारा साहेब

हे काही आजचे दुखणे नाही. गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. मूळचे वकील. १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केले. नव्वदएक वर्षांपूर्वी त्यांनी 'दिवास्वप्न' नावाचे छोटेसे पुस्तक लिहिले. ते मराठीतही आहे, शाळेच्या कपाटात असेल तर जरूर काढून वाचा. गोष्ट काल्पनिक आहे, पण तिच्यातली माणसे आजही प्रत्येक तालुक्यात सापडतील.

त्यात लक्ष्मीशंकर नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोग करायला एक वर्ग मागतो. साहेबाला फारसा भरवसा नसतो, तरी तो चौथीचा वर्ग देतो आणि वर्षअखेरच्या परीक्षेची आठवणही करून देतो. मग काय, गोष्टी, खेळ, नाटक, भटकंती सुरू होते. गलका होतो. शेजारच्या वर्गाचे शिक्षक कुरकुरतात, मुख्याध्यापक नाराज, पालकांना शंका. पण साहेबाने वर्ष दिलेले असते, आणि ते तो काढून घेत नाही. अधूनमधून येऊन बघतो, प्रश्न विचारतो, शंका बोलून दाखवतो, पण प्रयोग मोडत नाही.

पुस्तक वाचणारे सगळे लक्ष्मीशंकरचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते त्या साहेबाचे. विश्वास बसलेला नसताना वेळ देणे, यालाच पाठबळ म्हणतात. विश्वास बसल्यावर कोणीही पाठीशी येतो.

कोसबाडची टेकडी

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण बघा. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. का येत नव्हती? कारण सकाळी गुरे घेऊन रानात जावे लागे. आता यावर दोन उपाय होते. एक, हजेरीपटावर गैरहजर मांडून मोकळे व्हायचे. दुसरा, शाळाच रानात न्यायची. त्यांनी दुसरा धरला. गुरे चरताहेत तिथेच मुलांना शिकवायचे, तीच कुरणशाळा.

आज कुरणशाळेचे कौतुक सगळे करतात. पण क्षणभर कल्पना करा, एखाद्या साध्या शाळेतला शिक्षक उद्या म्हणाला, की मी अकरा वाजता वर्गात नसेन, कुरणात असेन. त्याला किती मुख्याध्यापक हो म्हणतील? अनुताईंच्या पाठीशी ताराबाईंसारखी वडीलधारी होती. नवे करणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी अशी एक वडीलधारी लागते. ती शाळेत नसेल तर नुसत्या हिमतीवर माणूस फार दिवस टिकत नाही.

कुमठ्याचे घ्यायचे काय आणि टाकायचे काय

अलीकडचे उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे. तिथल्या शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि बीटमधले शिक्षक यांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायला सुरुवात केली. ज्ञानरचनावाद हा शब्द जड आहे, अर्थ साधा आहे. मुलाच्या डोक्यात माहिती ओतायची नाही, मुलाने स्वतः हाताळून, बोलून, चुकून आपले ज्ञान आपण उभे करायचे. तिथल्या शाळा बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या झुंडी आल्या. जून २०१५ मध्ये सरकारने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम काढला, त्या काळात तर कुमठ्याचे नाव प्रत्येक शिक्षण परिषदेत होते.

या कामाची सुरुवात कागदी आदेशाने झाली नाही. अधिकारी शिक्षकांबरोबर बसल्या, वर्गात गेल्या, चर्चा केल्या, मग एकेका शाळेत बदल झाला.

आणि नंतर बाकी ठिकाणी काय झाले? कित्येक शाळांत लोक कुमठे बघून आले आणि आल्या-आल्या फरशी रंगवून मोकळे झाले. फरशीवर आकडे आले, अक्षरे आली, तक्ते आले, फोटो वर पाठवले गेले. दोन पावसाळ्यांत रंग उडाला आणि शिकवणे होते तिथेच राहिले. शेजाऱ्याचे बियाणे आणले, पण मशागत आणली नाही, असा प्रकार. मला फरशी रंगवणाऱ्या शिक्षकाचा राग येत नाही. त्याला कोणी विचारलेच नव्हते, की बाबा, तुझ्या वर्गाची अडचण काय? त्याला सांगितले गेले, की रंगवा. पाठबळ आणि हुकूम यांत हाच फरक आहे.

मुख्याध्यापकांनी काय करावे

माझ्या अनुभवातून सहा गोष्टी सांगतो. एकीलाही जादा पैसा लागत नाही.

१) परवानगी तोंडी देऊ नका, लेखी द्या. शिक्षक सभेच्या इतिवृत्तात नोंदवा, की अमुक वर्ग, अमुक विषय, अमुक पद्धत, अमुक तारखेपर्यंत. मग कोणीही शाळाभेटीला आले तरी तो शाळेचा निर्णय असतो, एकट्या शिक्षकाचा नव्हे. त्या एका ओळीचे छत्र माझ्या शाळेतल्या बाईंना मिळाले असते, तर ही गोष्ट मला वेगळी सांगता आली असती.

२) तुकडा लहान ठेवा. एक वर्ग, एक विषय, सहा ते आठ आठवडे. सगळ्या शाळेवर एकदम काही लादू नका. पाच गुंठ्यांत फसले तर भरून निघते.

३) आधी मोजा, मग पेरा. सुरुवातीच्या दिवशी प्रत्येक मुलाला जवळ बसवून वाचायला द्या. कोणाला अक्षर येते, कोणाला शब्द, कोणाला वाक्य, कोणाला उतारा, एवढे एका कागदावर लिहा. मुदत संपली की पुन्हा तसेच करा. मोजणी नसेल तर प्रयोगाच्या बाजूनेही बोलता येत नाही आणि विरुद्धही. हे मोजणे किती गरजेचे आहे बघा. 'असर' अहवाल २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन असेच वाचून घेतो. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याच्या आसपासच मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येतो, असे तो सांगतो. वहीत मात्र सगळ्यांचे स्वाध्याय पूर्ण असतात! म्हणून वही बघू नका, मूल बघा.

४) वर्गात जा, पण मागे बसा. शिक्षकाकडे नको, मुलांकडे बघा. गलका असेल तर जवळ जाऊन ऐका, की गलका कशाचा आहे. गणितावरून भांडणाऱ्या पोरांचा आवाज आणि रिकाम्या वर्गाचा आवाज यांत फरक असतो, तो चार मिनिटांत कळतो. बाहेर आल्यावर शेरा मारण्याऐवजी शिक्षकाला तीन प्रश्न विचारा. काय जमले? कुठे अडले? माझ्याकडून काय हवे?

५) वेळ काढून द्या. नव्या पद्धतीला तयारी जास्त लागते. शिक्षकाला पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, तक्ते, अहवाल यांतून श्वास घ्यायला फुरसत नसते. प्रयोगाच्या दोन महिन्यांपुरते त्यातले एखादे काम मुख्याध्यापकांनी स्वतःकडे घ्यावे. नुसते "करा, करा, मी आहे" म्हणण्यापेक्षा एक रजिस्टर उचलून आपल्या टेबलावर नेणे हे मोठे पाठबळ असते.

६) फसले तर आपल्या नावावर घ्या, जमले तर शिक्षकाच्या नावावर द्या. आपल्याकडे नेमके उलटे चालते. ज्या शिक्षकाला माहीत आहे, की फसलो तरी साहेब मला उघड्यावर टाकणार नाहीत, तोच खरे काय ते सांगतो. बाकीचे चांगले तेवढे दाखवतात.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आमची शाळा द्विशिक्षकी. मुख्याध्यापकच दोन वर्ग शिकवतो. कोण कोणाला पाठबळ देणार?" बरोबर आहे. मोठ्या शाळेपेक्षा त्यांची अडचण जास्त आहे. अशा दोन शेजारच्या शाळांनी जोडी करावी. एकाच विषयात एकच गोष्ट दोघांनी करून बघावी आणि महिन्यातून एकदा एकमेकांचा वर्ग बघावा. पूर्वी इरजिकीला बैलजोड्या आणत होतोच ना? तीच रीत.

केंद्रप्रमुख आणि वरच्या साहेबांना विनंती

केंद्राच्या शिक्षण परिषदेत परिपत्रके वाचण्यात वेळ जातो. ती फोनवर आधीच आलेली असतात. परिषदेचा अर्धा वेळ एका शिक्षकाला द्या. त्याने आपल्या वर्गात काय करून बघितले ते सांगावे, आणि न जमलेले आधी सांगावे. शेतकरी मेळाव्यात ज्याचे पीक गेले त्याचे बोलणे लोक जास्त कान देऊन ऐकतात, कारण चूक त्यातून कळते.

दुसरे असे, की एका शाळेत काही चांगले दिसले, की लगेच "सर्व शाळांनी आठ दिवसांत राबवावे व फोटो पाठवावेत" असा निरोप काढू नका. त्या निरोपानेच चांगली कल्पना मरते. ज्यांना करायचे आहे त्यांना ती शाळा बघायला एक दिवस सोडा, बाकीच्यांना थांबू द्या. पीक चांगले आले तर शेजारी आपण होऊन बियाणे मागायला येतो.

आता गावाने काय करायचे

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सभासदांनो, इथून पुढचे तुमच्यासाठी.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. म्हणजे समिती तुमचीच आहे. पण बऱ्याच गावांत ती रजिस्टरमध्ये भरते आणि सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. तसे न करता महिन्यातून एकदा अर्धा तास वर्गात बसा. समितीतल्या आया-बहिणींना मुद्दाम न्या, पोराला काय येते आणि काय येत नाही हे त्यांना आधी कळते.

समितीच्या सभेत एखादी तक्रार आली, की "बाई पोरांना खेळवतात," तर तक्रार करणाऱ्याला गप्प करू नका. त्याची शंका खरी असते, त्याच्या पोराचे वर्ष पणाला लागलेले असते. त्याला वर्गात घेऊन जा. शिक्षकाला सांगा, "ह्यांच्यासमोर करून दाखवा." आणि जे ठरले असेल त्या तारखेपर्यंत थांबू, असे सगळ्यांसमोर बोला. गावाने वेळ दिला हे शिक्षकाला कळले, की त्याची अर्धी भीती जाते.

त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते, की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावू नये. तुमच्या गावचा मास्तर वर्ग सोडून कुठल्या कुठल्या कामाला जातो, याची यादी एकदा करा आणि ग्रामसभेत वाचा. त्यातली काही कामे आपणच त्याच्या गळ्यात घातलेली निघतील. निदान तेवढी तरी काढून घ्या.

पैशाचे म्हणाल, तर नव्या कल्पनेला फार लागत नाही. चार चटया, दोन फळे, गोष्टीची पन्नास पुस्तके, एक वजनकाटा, एक मोजपट्टी. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात याला जागा करता येते. शाळेची कमान बांधण्याआधी शाळेतला काटा घ्या.

नवे ते सगळे सोने नव्हे

मी नव्याचा आंधळा भक्त नाही. पाढे पाठ करून घेणे, शुद्धलेखन, रोजचे वाचन ही जुनी वाणे आहेत आणि अजून चांगली उतरतात. टाकून देऊ नका. नुसता टीव्हीचा पडदा भिंतीला लावला म्हणजे नवे शिक्षण झाले, असेही नाही. मोबाइलवर गाणे लावून शिक्षक दारात उभा असेल तर तो प्रयोग नव्हे, ती पळवाट आहे. मुख्याध्यापकाने पाठीशी उभे राहायचे म्हणजे डोळे मिटायचे असे मी म्हणत नाही. ठरलेल्या तारखेला कागद समोर ठेवायचा. पहिल्या दिवशी सात मुलांना उतारा वाचता येत होता, आज किती? वाढले असतील तर पुढचा वर्ग जोडा. तेवढेच असतील तर का, ते शोधा. कमी झाले असतील तर थांबवा, आणि शिक्षकाला कमी न लेखता दुसरे काही करून बघायला सांगा. हिशोब मात्र तारखेलाच करा, तारखेच्या आधी नको.

शेवटी एवढेच

हा विषय आत्ताच का काढला, ते सांगतो. गावोगावच्या शाळांचा पट उतरतो आहे. सकाळी पिवळी बस फाट्यावर येते आणि पोरे उचलून नेते. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारी पातळीवर पुढे आला, तेव्हा कित्येक वाड्या-वस्त्यांच्या पोटात गोळा आला होता. शाळा वाचवा म्हणून आपण निवेदने देतो, ती द्यावीतच. पण शाळा निवेदनाने जेवढी वाचते त्यापेक्षा जास्त ती वर्गात काही घडत असल्याने वाचते. वर्गात काही घडायचे तर कोणी तरी शिक्षक वेगळे करून बघणार, आणि वेगळे करून बघताना तो दोन-चारदा चुकणार. त्या चुकीच्या वेळी आपण कुठे उभे असतो, यावर पुढचे सगळे ठरते.

तेव्हा शाळा उघडली की एक करा. तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना जाऊन विचारा, "गुरुजी, यंदा कोणत्या वर्गात काही नवीन करून बघायचंय का? आम्ही दिवाळीपर्यंत काही बोलणार नाही." आणि दिवाळीनंतर विसरू नका, विचारायला पुन्हा जा.

मला त्या पालकाने बाजारात जे उत्तर दिले, ते तुमच्यावर ऐकण्याची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा.